दोरीचं टोक

निंबोळ्यात घर बांधायचं तर पहिल्या दिवशी कुदळ लागत नसे, दोरी लागत असे. दोरी चांद मिस्तरीची.

गाव सोनगीरपासून चार कोस आत, दीडशे उंबऱ्यांचं. शेतांची मोजणी इंग्रजांच्या वेळीच झाली होती. गावठाणाची कधीच झाली नाही. ग्रामपंचायतीच्या वहीत घरमालकाच्या नावापुढे पूर्वेस अमका, पश्चिमेस तमका एवढंच लिहिलेलं असे. लांबी-रुंदीचे रकाने मोकळे. भिंत कुठे उभी राहायची हे कागदावरून कळत नसे. म्हणून चांद मिस्तरी आखणीच्या आधी शेजाऱ्याला बोलावी आणि दोरीचं एक टोक त्याच्या हातात देई. दुसरं टोक मालकाच्या हातात. दोन माणसं साक्षीला. स्वतः चांद दोरीच्या एका अंगाला उकिडवा बसून एक डोळा मिटून पाही, मग खुंट्या ठोकी आणि दोरीवरून चुन्याची फक्की सोडी. शेजारी गावाला गेलेला असेल तर त्या दिवशी काम होत नसे. एकदा दोरी धरली की पुढे तोंड उघडायचं नाही, हा नियम.

पस्तीस वर्षांत त्यानं अशा दोनशेवर भिंती आखल्या. त्यातली एकही धुळ्याच्या कोर्टात गेली नाही. रुपचंद आणि चुडामण या चुलतभावांच्यात मधल्या भिंतीवरून कुऱ्हाड निघाली होती, चुडामणच्या खांद्याला आठ टाके पडले होते. त्यांनाही अखेर दोरीच्या दोन टोकांना उभं केलं चांदनंच. भिंत उभी राहिली. दोघं बोलत नव्हते, पण जगत होते.

ही गोष्ट सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यातली. तेव्हा चांद मिस्तरीचं वय बासष्ट होतं आणि त्याला दिसत नव्हतं.

अगदीच काळोख नव्हता. उजव्या डोळ्यापुढे दूध सांडल्यासारखं होतं, डाव्या डोळ्याला उजेड आणि हालचाल कळे. हातभर अंतरावरचा चेहरा ओळखू येई, त्यापलीकडचं सगळं उन्हात विरघळून जाई. सोनगीरला डोळ्यांचं शिबिर भरलं तेव्हा बाजाराचं निमित्त काढून तो एकटाच जाऊन आला होता. डॉक्टरनं पापणी वर करून पाहिलं आणि मोतीबिंदू अजून पिकला नाही, पिकला की काढू, असं सांगितलं. ही गोष्ट त्यानं फक्त बायकोला, अमिनाबीला सांगितली. न दिसणाऱ्या गवंड्याला कोण बोलावणार? तेव्हापासून तो भिंत तळव्यानं वाचत असे. ओळंब्याचा दोरा दोन बोटांत धरून अंतर जोखी. वीट बसली की थापीनं ठोकून आवाज ऐके. बांधकाम असं निभत होतं. आखणी निभत होती की नाही, हे त्याला कळायला मार्ग नव्हता.

त्याचं घर धाब्याचं, सपाट मातीच्या छताचं आणि मातीच्या भिंतींचं. उत्तरेला लोटनचं घर. लोटनला चार वर्षं केळी चांगली लागली होती आणि त्याला जुनं धाबं पाडून स्लॅबचं घर बांधायचं होतं. काम धुळ्याच्या ठेकेदाराला दिलं. त्याचा रतिलाल नावाचा सुपरवायझर मोटारसायकलवर नकाशा आणि टेप घेऊन येई. चांदला काम मिळणार नव्हतंच; मातीतल्या गवंड्याला सळई बांधता येत नाही, हे तो स्वतःच सांगे.

दोन घरांच्या मध्ये बोळ होता. अडीच फूट रुंद, बावीस फूट लांब. बोळ चांदच्या घराचा. लोटनच्या बापानं भिंत बांधली तेव्हा, तीस वर्षांपूर्वी, चांदनंच ती आखली होती आणि मागच्या कोपऱ्यावर लोटनच्या भिंतीखाली एक सपाट काळा दगड बसवून त्यावर छिन्नीनं तीन रेघा मारल्या होत्या. चांदच्या धाब्याचं पाणी पन्हळीतून याच बोळात पडे. त्या बोळात अमिनाबी आणि सून कनीज अंघोळ करत, कपडे धूत, भांडी घासत. पुढच्या तोंडाला तरटाचा पडदा होता. तो बायकांचा बोळ. कनीज लग्न होऊन आली त्याला सहा वर्षं झाली होती, आणि सहा वर्षांत चांदनं त्या पडद्याच्या आत पाऊल ठेवलं नव्हतं.

लोटनचं जुनं घर आठ दिवस पडत होतं. त्या धाब्याची खारी माती वाऱ्यावर उडून चांदच्या घरात भाकरीवर बसायची. अमिनाबीनं पाण्याच्या हंड्यावर दुहेरी फडकं बांधलं. मजुरांनी भिंती उतरवल्या, जोत्याचे दगड पहारीनं उपटले आणि नव्या पायात टाकायला एका अंगाला ढीग केला. जागा मोकळी, सपाट झाली. बोळाला आता एकच भिंत राहिली होती. कनीजनं दोन लुगडी जोडून दुसऱ्या बाजूला बांधली.

आखणीच्या दिवशी सकाळीच लोटन दारात येऊन उभा राहिला. पायात वहाणा नव्हत्या, डोक्याला टोपी होती.

"नाना, दोरी धराले येतस ना?"

तसं पाहिलं तर त्याला गरज नव्हती. रतिलालनं टेप लावून चुना टाकला असता. पण गावाची रीत लोटननं राखली, आणि चांदला ते बरं वाटलं. त्यानं धुतलेला सदरा घातला. बायकांनी लुगडी सोडून घेतली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. अभिमन आबा आणि रुपचंद साक्षीला आले होते. अभिमन आबा पूर्वी सरपंच होते. आता पद नव्हतं, पण भांडणं त्यांच्याच ओट्यावर येत.

नऊ वाजले होते आणि ऊन मोकळ्या जमिनीवरून उलटून डोळ्यांत येत होतं. चांदला समोर पांढरं दिसत होतं. लोटन पुढच्या कोपऱ्यावर दोरी धरून उभा राहिला. दुसरं टोक घेऊन चांद मागच्या कोपऱ्याकडे चालत गेला. पावलं त्यानं मोजली होती. बावीस फुटांना त्याची अकरा पावलं पडत. अकराव्या पावलाला तो थांबला आणि उजव्या पायाचा अंगठा जमिनीवरून फिरवला. गुळगुळीत, सपाट दगड लागला. तीन रेघा अंगठ्याला लागल्या नाहीत, पण तीस वर्षांत रेघा झिजणारच. तो खाली बसून हातानं चाचपू शकला असता. पण सगळे बघत होते. जो माणूस पस्तीस वर्षं एक डोळा मिटून रेघ पाहत आला, तो दगड हातानं चाचपतो, हे त्याला दाखवायचं नव्हतं. त्यानं दोरी दगडाच्या मधोमध टेकवली आणि ताणली.

 मग रतिलालनं लोटनकडे पाहून विचारलं, हीच लाइन ना? लोटन म्हणाला, नानांनी धरली म्हणजे हीच. रतिलालनं पुढची खुंटीही तेवढीच सरकवून रेघ काटकोनात घेतली आणि चुना पडला. लोटननं गूळ-शेंगदाणे वाटले. चांदनं मूठभर घेतले, कनीजसाठी सदऱ्याच्या खिशात टाकले आणि घरी आला.

अमिनाबी चुलीशी बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"तुम्ही धुणाना दगडवर उभा व्हतात," ती म्हणाली.

तिनं दाराच्या फटीतून पाहिलं होतं. कोपऱ्याचा काळा दगड मजुरांनी पाच दिवसांपूर्वीच उपटून ढिगात टाकला होता. चांदच्या अंगठ्याला लागला तो बोळाच्या मागच्या टोकाचा धुण्याचा दगड, त्यांच्याच भिंतीपासून फूटभर अंतरावर बसवलेला. सासू-सुनेनं त्यावर रोज कपडे आपटून तो गुळगुळीत केला होता. घरातल्या बायकांना तो आंधळेपणीही ओळखता आला असता. चांदनं त्याला कधी पाय लावला नव्हता.

मग बोलली का नाहीस, असं त्यानं विचारलं. चार पुरुषांसमोर, असं ती म्हणाली.  कनीजनं शेंगदाणे घेतले नाहीत.

दुपारी कामगारांनी चुन्यावर कुदळ मारली. अडीच फुटांच्या बोळातला दीड फूट लोटनच्या घराच्या पायात गेला.

चांद त्याच संध्याकाळी लोटनकडे गेला असता तर कदाचित चार माणसांत हसून विषय मिटला असता. पण जाऊन काय सांगायचं, हे त्याला ठरवता येईना. लोटननं फसवलं म्हणावं तर लोटननं काहीच केलं नव्हतं. फक्त पाहत उभा राहिला होता. चूक झाली म्हणावं, तर पस्तीस वर्षं चूक न करणाऱ्याची ती कशी झाली, हे सांगावं लागणार. रात्र गेली, दुसरा दिवस गेला. तिसऱ्या दिवशी पाया कंबरभर खोल झाला तेव्हा अमिनाबीनं स्वतःच अभिमन आबांच्या बायकोच्या कानावर घातलं, आणि आबांनी सगळ्यांना ओट्यावर बोलावलं.

ओट्यावर घोंगडी टाकली होती. आबा, रुपचंद, चुडामण आणि आणखी दोघं-तिघं. रुपचंद एका टोकाला, चुडामण दुसऱ्या टोकाला बसला होता. लोटन शेवटी आला आणि खालच्या पायरीवर बसला. त्यानं आवाज चढवला नाही. नाना बापाच्या जागी आहेत, असं तो म्हणाला. पाच-सहा माणसांसमोर रेघ पडली, ठेकेदाराचं काम चालू झालं, सळई आली. आता नाना म्हणतात रेघ चुकली. मग नानांनीच सांगावं, कशी चुकली.

"दोरी त्यासनीच धरी," तो म्हणाला. "मी काही त्यासना हात धरीसन नेयेल नही."

आबांनी चांदकडे पाहिलं. चांदनं वाक्य घरूनच तयार करून आणलं होतं. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, मला दगड दिसला नाही. एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर आबांनी दोरी पुन्हा धरायला लावली असती. लोटनला पंचांपुढे नाही म्हणता आलं नसतं.

तेवढ्यात रुपचंद बोलला.

"चांदभाऊनी दोरी कधी चुकनी नही. आमनीच देखा ना."

तो हे कौतुकानं म्हणाला की कसं, ते चांदला चेहऱ्यावरून कळलं नाही, कारण रुपचंद चार हातांवर होता आणि चेहऱ्याच्या जागी उजेडाचा गोळा होता. पण दुसऱ्या टोकाला चुडामण सावरून बसल्याचा आवाज त्याला ऐकू आला. चुडामणच्या खांद्याचे टाके चांदनं पाहिले होते, डोळे चांगले असताना. आणि त्यांची भिंत त्यानं दीड वर्षापूर्वी आखली, तेव्हा डोळे चांगले नव्हते. पलीकडची खुंटी त्याला तेव्हाही दिसली नव्हती. ती अंदाजानं ठोकली होती. अंदाज बरोबर आला होता की हातभर चुकला होता, हे त्याला आजही ठाऊक नव्हतं. दोन वर्षांत आखलेल्या सात भिंती त्यानं मनात एकामागून एक उभ्या केल्या.

आबांनी विचारलं, "चांदभाऊ, तुले दिसस ना?"

 ओट्यासमोर कोंबड्या उकरत होत्या.

"दिसस," चांद म्हणाला.

आबांनी मान हलवली. मग रेघ आहे ती राहील, असं ठरलं. लोटननं मन मोठं करून पन्हळीचं पाणी पडायला उरलेला फूट मोकळा ठेवावा. लोटन लगेच हो म्हणाला. तो फूट तसाही चांदचाच होता.

उठताना चांदचा पाय दुसऱ्या पायरीवर न पडता हवेत पडला. रुपचंदनं झडप घालून त्याचा दंड धरला. कुणी हसलं नाही. रुपचंदनं दंड लगेच सोडला नाही. चांद सपाट जमिनीवर येईपर्यंत धरून ठेवला आणि मग त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन पाहिलं. एवढ्या जवळून चांदला त्याचा चेहरा स्पष्ट दिसला. रुपचंदच्या कपाळाला आठी होती आणि तो काहीतरी हिशेब करत होता.

पुढच्या आठवड्यात पायात दगड भरले गेले. कनीज पाणी आणायला जाताना खड्ड्याकडे पाहत जाई. एके दिवशी ती हंडा तसाच ठेवून घाईनं आत आली.

"तो दगड तठे शे. पायामा," ती म्हणाली. तीन रेघा वर होत्या, तिनं मोजल्या होत्या.

चांद खाटेवर बसला होता. 

"तठे शे हाई खरं. पहिले कठे व्हता, ते त्याले इचार."

दुपारी त्यावर खडी-सिमेंट पडलं.

चांदचा मुलगा जब्बार भुसावळजवळ वीजकेंद्राच्या कामावर सेंटरिंगला होता. पत्र पोचल्यावर तो दोन दिवसांसाठी आला. तिथे साहेब लोक तीन पायांच्या दुर्बिणीतून फर्लांगभरावरची रेघ सुतासारखी धरतात, असं तो सांगत राहिला. धुळ्याहून सरकारी मोजणीदार आणू, केस टाकू. बापानं विचारलं, मोजणीदार कशापासून मोजणार?  मग जब्बारनं दुसरा प्रश्न विचारला, आईनं डोळ्यांचं सांगितल्यापासून तो त्याच्या मनात असावा. ओट्यावर तुम्ही दिसतं असं का म्हणालात?  अमिनाबी म्हणाली, त्यांनी नाही म्हटलं असतं तर या गावात पुन्हा डोकी फुटली असती. जब्बार म्हणाला, मग फुटू द्यायची होती. आपल्या बायका अंघोळ कुठे करतात, ते बघायला गाव येतं का? दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं तो परत गेला. कनीजशी तो नीट बोललाही नाही.

अंघोळ आता घरात होत होती. खोलीच्या मागच्या कोपऱ्यात फरशीचा तुकडा टाकून वरून चादर बांधली होती. पाणी परातीत धरून बाहेर आणून टाकावं लागे. खोली एकच, म्हणून त्या वेळी चांदला बाहेर जावं लागे. रोज दहाच्या सुमाराला तो गल्लीत लोटनच्या वाळूच्या ढिगाजवळ, जिथे हातभर सावली पडे, तिथे बसून राही. जाणारे-येणारे राम राम घालत, का बसलात विचारत. दोन दिवसांनी विचारायचं बंद झालं. सगळ्यांना कळलं होतं. लोटनचे कामगार चहा पीत तेव्हा एक कप त्यालाही देत. पहिल्या दिवशी त्यानं नको म्हटलं. नंतर घेऊ लागला.

लोटनची भिंत छातीइतकी वर आली तेव्हा दुसरी अडचण दिसली. फूटभर फटीत माणूस शिरत नव्हता. पावसात पन्हळीचं पाणी लोटनच्या सिमेंटच्या भिंतीवर आपटून उलटं चांदच्या मातीच्या भिंतीवर येणार होतं. एका पावसाळ्यात भिंत बसली असती. उपाय एकच होता. स्वतःची भिंत पाडून आत घ्यायची. मृग लागायला बावीस दिवस होते.

चांद आणि कनीज कामाला लागले. अमिनाबीचे गुडघे दुखत, ती माती भिजवून द्यायला बसे. आधी धाब्याखाली टेकू दिले. मग वरून थर उतरवायला सुरुवात केली. ही भिंत चांदच्या बापानं घातली होती, पांढरीच्या, म्हणजे गावठाणातल्या मातीची, दोन हात जाड. पहार मारली की ढेकूळ सुटून पायावर पडे. कनीज नाकातोंडाला पदर बांधून पाट्या वाहत होती. तिसऱ्या दिवशी तिच्या तळहाताचे फोड फुटले; तिनं चिंधी गुंडाळली. चांद ढेकूळ हातात घेऊन दाबून पाही, चांगलं असेल तर पुन्हा वापरायला बाजूला ठेवी. दुपारी बारा ते तीन काम बंद. त्या वेळात शेजारून रतिलालच्या माणसांचा रेडिओ ऐकू येई.

नवी भिंत आखायच्या दिवशी चांद म्हणाला, लोटनला बोलाव. कनीजला वाटलं ती चुकीचं ऐकते आहे. भिंत आपलीच, आपल्याच घरात मागे येते आहे, शेजाऱ्याला कशाला? चांद म्हणाला, शेजाऱ्याशिवाय दोरी धरत नाहीत. ती गेली नाही. शेवटी तो स्वतःच भिंतीला हात लावत लावत गेला.

लोटन आला. टोक धरलं, चांद म्हणाला तिथे धरलं, एक बोटही इकडेतिकडे नाही. चांदनं दुसऱ्या टोकाला बसून सवयीनं एक डोळा मिटला. मग विचारलं, सरळ आहे का? आहे, लोटन म्हणाला. जाताना कनीजनं त्याला पाणी विचारलं नाही, चांदनं विचारलं. खोली दीड फुटानं लहान झाली. जब्बारची खाट उभी करून ठेवावी लागली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात रुपचंद आला. त्याला गोठा वाढवायचा होता, पावसाच्या आधी. शेजार बेबाबाईचा. ती एकटी राहत असे. नवरा वारलेला, मुलगी नंदुरबारला दिलेली. तिच्या घराच्या मागच्या अंगाला तीन हात मोकळी पट्टी होती. तिथे तिची चूल, शेणी आणि एक शेळी. पट्टीपलीकडे रुपचंदचा गोठा.

चांदनं सांगितलं की मी आता आखणी करत नाही. रुपचंद हसला.

"तुम्ही नही तर कोन? गाव तुम्हनीच दोरी मानस," तो म्हणाला. मग दारातून वळताना, जरा हळू आवाजात, खुंटी कुठे ठोकायची ते मी दाखवीन, तुम्ही फक्त ठोका, असंही म्हणाला.

अमिनाबीनं ते ऐकलं. जाऊ नका, असं ती म्हणाली नाही. गेला नाही तर का गेला नाही, हे गाव विचारणार होतं.

सकाळी आठला सगळे जमले. साक्षीला अभिमन आबा आणि चुडामण. चुलतभावाच्या कामाला चुडामणनं यायचं कारण नव्हतं, पण गल्लीत घर असलेल्यानं साक्षीला यायचं, ही रीत होती. तो निंबाच्या सावलीत अंग चोरून उभा राहिला. बेबाबाईनं हात धुऊन पदराला पुसले आणि दोरीचं टोक घेतलं. ती पंचावन्नची होती आणि दोरी तिनं आयुष्यात पहिल्यांदा धरली होती. तिनं ती दोन्ही मुठींत घट्ट धरली.

रुपचंदनं चांदचं मनगट धरून त्याला मागच्या कोपऱ्यावर नेलं आणि हात खाली जमिनीला टेकवला.

"हाऊ खुटा. आठेच," तो म्हणाला.

चांद उकिडवा बसला. यावेळी त्यानं चाचपलं. डावा तळवा जमिनीवरून सरकवत नेला. वीतभरावर बेबाबाईच्या भिंतीचा पाया लागला. तीन हात असायला हवे होते, तिथे वीतभर होतं. मधे त्याच्या बोटांना गरम राख लागली. तिची चूल. ती सकाळीच विझवली होती, आखणी आहे म्हणून.

रुपचंदनं त्याच्या हातात हातोडा दिला. आपलं टोक त्यानं ओढलं तशी दोरी ताणली गेली, तिचा बारीक आवाज झाला.

पलीकडून बेबाबाई म्हणाली, "चांदभाऊ, तू दखी लिधं ना? तू म्हनशी तठे."

तिला उत्तर हवं होतं असं नाही. ती विचारायची म्हणून विचारत होती, जसं सगळे विचारत. चांदला ती दिसत नव्हती. दोरी जिथे पांढऱ्यात नाहीशी होत होती, तिथून तिचा आवाज येत होता. त्यानं हातोडा वर घेतला, खुंटीच्या डोक्यावर टेकवला आणि पुन्हा खाली ठेवला.

"माले दिसत नही, बेबाबाई," तो म्हणाला.

रुपचंदनं घाईनं काहीतरी बोलायला सुरुवात केली, ऊन फार आहे, चांदभाऊंनी सकाळपासून काही खाल्लं नाही. आबांनी हात वर करून त्याला थांबवलं. आबांचा चेहरा उतरला होता. महिन्याभरापूर्वी त्यांनी हाच प्रश्न विचारला होता, आणि मिळालेलं उत्तर त्यांना खरं वाटलं नव्हतं, पण सोयीचं होतं.

निंबाच्या सावलीतून चुडामण पुढे आला. बेबाबाईच्या पट्टीकडे त्यानं पाहिलं नाही. तो चांदसमोर येऊन उकिडवा बसला, इतका जवळ की त्याच्या सदऱ्याच्या उघड्या गळ्यातून खांद्यावरचा वण चांदला दिसला.

"कधपासून दिसत नही?"

चांदनं हातातली राख धोतराला पुसली.

"दोन वरीस व्हयनात."

चुडामणनं मान वर करून रुपचंदकडे पाहिलं. रुपचंद त्याच्याकडेच पाहत होता. दोघांची नजर इतक्या दिवसांत पहिल्यांदाच भिडली. मग चुडामण उठला, पाठ वळवली आणि घराच्या, मधल्या त्या भिंतीच्या दिशेनं चालू लागला. तो धावत नव्हता. आबांनी मागून दोनदा हाक मारली. रुपचंदही दोरी तिथेच टाकून दुसऱ्या वाटेनं घराकडे निघाला, त्याची पावलं मात्र भराभर पडत होती.

दोरी मधून ढिली होऊन राखेत पडली. बेबाबाईच्या मुठींत तिचं एक टोक तसंच होतं. ते सोडायचं की धरून ठेवायचं, हे तिला कुणी सांगितलं नाही.